कुणासारखं वाजवू?

आमच्या मामाला तुम्ही ओळखत नाही, पण ऐकलेलं नक्की आहे. मुखडा संपतो, अंतरा सुरू व्हायचा असतो आणि मध्येच एखादं मॅंडोलिन चार मात्रा थरथरून जातं; त्या थरथरीतली बरीचशी आमच्या मामाची. पुढच्या गाण्यात तोच गिटार घेऊन, त्याच्या पुढच्यात साइड रिदमला. खाचा पाडलेल्या नळीवरून काडी घासायची, खर्र-चिक, खर्र-चिक. याला रेसो-रेसो म्हणतात, आणि पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, ताफ्यात ते अमृतराव काटकर वाजवायचे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

कुठलंही वाद्य हातात द्या, मामाचा प्रश्न एकच: "कुणासारखं वाजवू?" सवयच ती. एकदा मामीनं रडणारं पोर मांडीवर टाकून "जरा अंगाई म्हणा" म्हटलं, तर हा विचारतो, "लताबाईंच्या अंगानं की आशाबाईंच्या?" तोवर पोर झोपलं.

मामाची आत्मकथा म्हणजे विमा कंपनीच्या फुकट डायऱ्या. तारीख, स्टुडिओ, वेळ, पैसे असे चार रकाने, आणि पैसे हातात पडले की लाल टिक. एका संगीतकाराच्या पानावर एकही टिक नाही. ते पान मामानं दुमडून ठेवलंय. गाण्याच्या नावाला मात्र रकानाच नाही. वाजवताना ते कुणाला ठाऊक असायचं? त्यामुळे लग्नात बँडवाल्यांनी जुनं गाणं काढलं की लोक नट-नट्या आठवतात, आणि मामा म्हणतो, "हे ताडदेवचं, फिल्म सेंटर. पंख्याचा आवाज माइकमध्ये येत होता म्हणून पंखे बंद. शर्ट पाठीला चिकटला होता बघ." नट कोण होता, त्याला आजही माहीत नाही.

मग कीबोर्ड आले. हॉलभर बसलेली व्हायोलिनं एका माणसाच्या दहा बोटांत मावायला लागली आणि डायरीतली पानं कोरी पडू लागली. मामा रडला-बिडला नाही. त्यानंही एक कीबोर्ड घेतला. तोवर बाकीच्यांनी दोन-दोन घेतले होते.

एकसष्टी झाली त्या रात्री मामानं जाहीर केलं, "आता मी स्वतःची गाणी करणार. लिहिणार मी, चाल माझी, गाणारही मीच." पुरावे तयार होते. पंचमनं 1958 साली 'सोलवा साल'मध्ये वडिलांसाठी माउथ ऑर्गन वाजवला होता, पुढे काय झाला? 'दम मारो दम'ची गिटार वाजवणारा भूपिंदर स्वतःच्या गझला गायला लागलाच ना? लक्ष्मीकांत तर मॅंडोलिनवालाच, प्यारेलाल व्हायोलिनवर, आणि 1963 ला 'पारसमणि'!

"ते दोघं तेव्हा पंचविशीच्या आसपास होते," मामी भांडी आवरता आवरता म्हणाली. तरी माइकचे पैसे तिनंच दिले, भिशीतले.

पहिलं गाणं ऐकायला मला डोंबिवलीला बोलावलं. सुरुवातीलाच दीड मिनिटाचा तुकडा, झकास. मग शांतता. मग दुसरा तुकडा, सतार आणि बासरी, त्याहून झकास. मग पुन्हा शांतता.

"मामा, यात गाणं कुठंय?"

"ते नंतर डब होईल," मामा सहज म्हणून गेला, आणि स्वतःच दचकला.

दुसऱ्या गाण्यात शब्द होते. पहिली ओळ खय्याम, दुसरी ओपी, क्रॉसला पंचम, आणि शेवटी कोण कुणास ठाऊक, पण होता कुणीतरी मोठाच. मी विचारलं, "यातलं तुझं कुठलं?" मामानं प्रामाणिकपणे विचार केला. "दुसऱ्या ओळीनंतर थांबलोय ना, ते."

मला वाटतं, त्या थांबण्यातूनच तिसरं गाणं निघालं. उशिरा सुटलेली शिफ्ट, ताडदेवहून कसंबसं दादर गाठायचं, शेवटच्या गाडीच्या लगेज डब्यात रिकाम्या पाट्यांशेजारी उकिडवं बसायचं, मॅंडोलिनची पेटी मांडीवर. पेटीवर बोटांनी ठेका धरला की पाटीवाली बाई म्हणायची, "भाऊ, झोपू दे की." एवढंच गाणं. चाल दोन-अडीच सुरांची, फारशी कुठं न जाणारी. मामाचा आवाजही असा, की गळ्यातून बाहेर येतो आणि अंग चोरून कडेला उभा राहतो. पण पहिल्यांदा ऐकताना मला कुणाची आठवण झाली नाही. मी तसं सांगितल्यावर मामाचा चेहरा पडला. "कुणाचीच नाही? बघ ना नीट."

रेकॉर्डिंग बेडरूममध्ये. खिडकीला गाद्या, मामीच्या कुकरला शिट्टीबंदी. मामा स्वतःच "सायलेन्स!" ओरडायचा आणि स्वतःच गप्प व्हायचा. आधी मॉनिटर, मग टेक. वाद्यं एकेका झटक्यात झाली. गायक मात्र चुकत होता. हेडफोनमध्ये मुखड्याची जागा यायची, निघून जायची, आणि हा ओठ मिटून बोटांवर काहीतरी मोजत उभा.

"अरे, गा ना!"

"गाणाऱ्याची एन्ट्री आहे म्हणून थांबलो होतो," मामा म्हणाला. उभा जन्म त्या जागी गप्प बसायचेच पैसे मिळाले होते. शेवटी मी समोर उभा राहून हात खाली आणला, तेव्हा कुठं सूर फुटला. एकोणिसावा टेक ओके.

रात्री मामानं डायरी उघडली. तारीख. स्टुडिओ: बेडरूम. वेळ: नऊ ते दोन. खाली माणशी हिशेब. मॅंडोलिन, पूर्ण. रेसो-रेसो, पूर्ण. गिटार, पूर्ण अधिक ओव्हरटाइम, कंसात 'गायकामुळे'. आणि गायकापुढे निम्मेच.

"हे निम्मे का?"

"नवखा आहे," मामा म्हणाला. मग जरा वेळानं, "पण बरा आहे. पुढच्या वेळी वाढवू."

"आणि लाल टिक?"

मामानं पेनाला टोपण लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "निर्मात्याकडून अजून आले नाहीत." स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.