वहीचोर, मुखवटेवाला आणि धुणं घेऊन निघालेली पोर

अहो, चांगल्या घरातली माणसं ही! एक सीए, एक दातांचे डॉक्टर, एक तर सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी गणपतीत पोरांचा स्पीकर नऊच्या ठोक्याला बंद करायला लावला होता. आणि तोंडी विषय काय, तर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्स आणि क्वीन्सच्या गल्लीबोळांतली चाळीस वर्षांपूर्वीची भांडणं! परवा एका साखरपुड्यात मुलाकडचे मामा आणि मुलीकडचे काका कोपऱ्यात हातवारे करत हमरीतुमरीवर आलेले दिसले. म्हटलं, मानपानाचं काहीतरी बिनसलं. कान देऊन ऐकते तर वाद कसला? रॅपर म्हणून राकिम मोठा की नास! पुऱ्या गार झाल्या, मठ्ठा संपला, तरी यांचं यमक काही सुटेना.

रोग तसा जुनाच, पण २०२३ मध्ये हिपहॉपला पन्नास वर्षं झाली आणि साथच आली. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉंक्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायची होती, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला घरचाच माणूस, तिचा भाऊ. हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवायची त्याची युक्ती, आणि त्या तुकड्यावर लोक नाचायचे. म्हणजे बघा, कल्पना बहिणीची, हिशेब बहिणीचा, जनक म्हणून फोटो भावाचा. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा!

या मंडळींना चुकूनही विचारू नका की जुनं हिपहॉप ऐकायचंय, सुरुवात कुठून करू. विचारलंत की गेलात. आधी एक सुस्कारा, मग डोळे मिटून ‘इल्मॅटिक’. नासचा एप्रिल १९९४ चा अल्बम, गाणी दहा, त्यातलं पहिलं तर नुसती प्रस्तावना, आणि सगळा मामला चाळीस मिनिटांत आटोपतो. ‘द सोर्स’ मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले आणि तेव्हापासून भक्तांना दुसरं काही सुचत नाही. आता हा नास कोण, तेही ऐका. अल्बम आला तेव्हा वय वीस. शाळा आठवीनंतर सोडलेली. वडील ओलू दारा जॅझमधले कॉर्नेटवादक; मुलाच्या अल्बममध्ये येऊन वाजवून गेले. आणि २०१३ मध्ये याच्या नावाने फेलोशिप कुणी सुरू केली? हार्वर्डने! आता घरातल्या दहावीच्या कार्ट्याला ‘अभ्यास कर’ म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? कमी होतं म्हणून २०१८ मध्ये केंड्रिक लमार या रॅपरला ‘डॅम’ या अल्बमसाठी संगीताचं पुलित्झर मिळालं. तोवर ते पाश्चात्त्य शास्त्रीय नाहीतर जॅझवाल्यांच्याच घरी जायचं.

‘इल्मॅटिक’ पचलं की मग वू-टँग क्लॅन आणि ट्राइब कॉल्ड क्वेस्ट (दोघांचे अल्बम एकाच दिवशी आले, ९ नोव्हेंबर १९९३ ला, हे तुम्हाला दर भेटीत नव्याने सांगितलं जाईल), मग बिगीचा ‘रेडी टू डाय’, आणि शेवटी उपकार केल्यासारखी लॉरिन हिल. तिचा १९९८ चा अल्बम ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. हिपहॉपला तो मान पहिल्यांदा तिने मिळवून दिला. तरी पंगतीत बाई शेवटची. वर ऐकवणार, “तिचं अर्धं गाणंच आहे ना!” गाता येणं हा अपराध ठरलेला मी इथेच पाहिला.

पण ही सगळी कोशिंबीर झाली. खरी मिरची पुढे आहे: शब्दांचा राजा कोण?

इथे ही मंडळी एकदम सोवळी नेसतात. जो स्वतः लिहीत नाही तो रॅपरच नाही, असा नियम. २०१५ मध्ये मीक मिलने ड्रेकवर जाहीर आरोप केला की याला ओळी दुसराच कुणी लिहून देतो, तेव्हा आमच्या दातांच्या डॉक्टरांना दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. बरं, या सोवळ्या घराण्याचं पहिलं गाजलेलं गाणं कुठलं? १९७९ चं ‘रॅपर्स डिलाइट’. आता कान इकडे करा. सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंना न्यू जर्सीत रेकॉर्डवर रॅप म्हणणारी पोरं हवी होती. एंगलवुडच्या पिझ्झाच्या दुकानात बिग बँक हँक नावाचा गडी काम करत होता. त्याला बाहेर बोलावलं, गाडीत बसवलं, तिथेच परीक्षा घेतली आणि पास केलं. पण गड्याकडे स्वतःच्या ओळी होत्या कुठे? ब्रॉंक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझच्या कार्यक्रमांची व्यवस्था तो बघायचा, त्याच्याकडून वही मागून आणली. कॅझनेही बिचाऱ्याने दिली, पुढे आपलंही काही भलं होईल म्हणून. त्या वहीत कॅझने स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून यमकात बसवलेलं होतं. हँकने तेही जसंच्या तसं म्हणून टाकलं! उचललेल्या पातेल्यावर मूळ मालकिणीचं नाव कोरलेलं असावं आणि तेच पातेलं पंगतीत फिरवावं, तसा प्रकार. गाणं जगभर वाजलं. कॅझला ना श्रेय, ना पैसा.

आणि कागदाचं म्हणाल तर थोरामोठ्यांचं आपापसातही जमत नाही. जे-झी काही लिहूनच घेत नाही, सगळं डोक्यात जुळवतो आणि माइकसमोर उभा राहतो. बिगीनेही पुढे पुढे वही सोडली होती. उलट एमिनेम. २०१० मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने खोकाभर चिठोरी दाखवली, गिचमिड अक्षरात तिरकीतारकी लिहिलेली, कुणाला वाटावं रद्दीवाल्याकडे जायची आहेत. संत्र्याच्या इंग्रजी नावाला यमक नाही असं सगळे म्हणतात म्हणे. याने उच्चार वाकवून तिथल्या तिथे हारीने जुळवून दाखवली. आता लिहिणारा श्रेष्ठ की न लिहिणारा? सेक्रेटरी म्हणतात, “दोन्ही.” मग भांडता कशाला?

एमएफ डूम तर सगळ्यांवर कळस. तोंडावर धातूचा मुखवटा, आणि काही कार्यक्रमांना स्वतः न जाता मुखवटा चढवून दुसऱ्यालाच पाठवायचा! लोक तिकिटं काढून आलेले, त्यांनी आरडाओरडा केला. यावर याचं म्हणणं काय, तर ऐकायला आलात की बघायला? असल्या माणसाला घरात घेऊ नये. पण त्याचा २००४ चा ‘मॅडव्हिलनी’ लावला की माझा राग टिकत नाही. दोन-दोन मिनिटांची गाणी, बहुतेकांना ध्रुवपदच नाही, आणि पुटपुटल्यासारख्या आवाजात पाच-पाच, सहा-सहा अक्षरांची यमकं अशी सहज टाकत जातो की हसू तीन ओळी उशिरा येतं.

मग आले मोजणारे. मॅट डॅनियल्स या गृहस्थाने २०१४ मध्ये बऱ्याच रॅपरांचे प्रत्येकी पहिले ३५,००० शब्द घेतले आणि त्यात वेगवेगळे शब्द किती ते मोजलं. एसॉप रॉक ७,३९२ वर पोचला. शेक्सपियरचेही तेवढेच शब्द घेतले, तो ५,१७० वर अडला. झालं, माकडाच्या हाती कोलीत! सीएसाहेबांनी तर याचा तक्ता छापून पाकिटात ठेवलाय. आता तळाला कोण ते बघा: डीएमएक्स, ३,२१४. याच डीएमएक्सचे १९९८ या एका वर्षात आलेले दोन अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तो मध्येच भुंकायचा, हो, अक्षरशः भुंकायचा, आणि थोड्या वेळाने देवाची प्रार्थना म्हणायचा, आणि दोन्ही तितक्याच कळवळ्याने. त्या भुंकण्याला कुठल्या रकान्यात धरायचं, ते सीएसाहेबांनी सांगावं.

राकिमपाशी मात्र माझीही जीभ जरा आवरते. त्याच्या आधी बहुतेकांची चाल ठरलेली. ओळ आली, टोकाला यमक आपटलं, पुढची ओळ. मराठीत करून दाखवते:

लोकल आली भरभरून,
मी लटकलो दार धरून.

छान. शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या पडतील. आता तोच प्रवास राकिमच्या वळणाने:

ठाण्याची गाडी, दाण्याची पुडी, पाण्याची बाटली
हातात, दारात लटकलो, कशीबशी पायरी गाठली.

बघा, यमक टोकाची वाट बघत नाही, वाटेत जागोजागी भेटतं. आणि बाटली पहिल्या ओळीत, हात दुसऱ्या ओळीत. वाक्य ओळीच्या काठावर न थांबता पलीकडे उतरलं. श्वास कुठे घ्यायचा, हे आता ओळ ठरवत नाही, म्हणणारा ठरवतो. माझी ओळ कच्ची आहे, पण कल्पना यावी. हे त्याने १९८७ मध्ये ‘पेड इन फुल’ या अल्बमवर केलं, तेही आवाज न चढवता, जेव्हा बाकीचे बाजारात भाजी विकावी तसे ओरडत होते. लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझवाला कोल्ट्रेन ऐकायचा. वाजवणाऱ्याला फुंक कुठे तोडायची ते कळतं. म्हणून म्हणते, शब्द किती आणि लिहिले कुणी हे विचारण्याआधी दम कुठे घेतला ते ऐका. तेच गाणं दुसऱ्याने म्हटलं की राकिम निघून जातो आणि कागद तेवढा उरतो.

डोळ्यावर पट्टी लावणारा स्लिक रिक घ्या. पोरांना झोपवताना सांगायची म्हणून गोष्ट सुरू करतो, आणि गोष्टीत चोरी, पाठलाग, पोलिसांच्या गोळ्या! सगळ्या पात्रांचे आवाज एकटा काढतो. त्याचे वेगळे शब्द मोजायला गेलात तर हाती काही लागायचं नाही.

भांडणांतही एक गंमत सांगायलाच हवी. २००१ मध्ये जे-झी आणि नास यांची जुंपली. नासच्या उत्तराने चिडून जे-झीने नासच्या मुलीच्या आईबद्दल नको ते बोलून टाकलं, रेडिओवर! मग कोण उठलं? जे-झीची आई. तिने लेकाला फैलावर घेतलं आणि या भाईने त्याच रेडिओवर माफी मागितली. एवढ्या मोठ्या युद्धात निर्णायक वार ग्लोरिया कार्टर या माउलीचा, पण शब्दप्रभूंच्या यादीत तिचं नाव नाही. यादी म्हणाल तर २०२३ मध्ये ‘बिलबोर्ड’ आणि ‘व्हाइब’ने पन्नास जणांची काढली: पहिला जे-झी, दुसरा केंड्रिक, तिसरा नास. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा कोरमअभावी तहकूब झाली. कोरम खाली पार्किंगमध्ये भांडत होता.

आपल्याकडे जुन्या लोकांनी हे शहाणपणाने मिटवलं होतं. श्लोक वामनपंडिताकडे, अभंग तुकोबांकडे, ओवी ज्ञानोबांकडे, आर्या मोरोपंतांकडे. खाती वाटून दिली, क्रमांक दिलेच नाहीत. मी तसं सुचवून पाहिलं: श्वास राकिमचा, गोष्ट स्लिक रिकची, खिडकीतून दिसणारी गल्ली नासची. मामा म्हणाले, “ठीक, पण त्यात पहिला कोण?” संपलंच.

नासची गल्ली म्हटल्यावर घरचीही एक बातमी. कुर्ला-धारावीच्या पोरांवरचा ‘गली बॉय’ सिनेमा २०१९ मध्ये आला, त्याच्या कार्यकारी निर्मात्यांत हा नास होता. त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीने इथे शाखा काढली आणि पहिला करार अंधेरीच्या डिवाइन या रॅपरशी केला. तेव्हापासून ज्यांना अंधेरी म्हटलं की फक्त ट्रॅफिक आठवायचा, तेही कॉलर ताठ करून बोलतात.

बरं, नासच्याच क्वीन्सब्रिज वसाहतीतली एक पोर राहिली. १९८४. यूटीएफओ नावाच्या टोळक्याचं गाणं गाजत होतं: रोक्सॅन नावाची मुलगी आम्हाला भाव देत नाही, अशी रडकथा. चौदा वर्षांची रोक्सॅन शांते धुणं घेऊन निघाली होती. वाटेत मार्ली मार्लने घरी बोलावलं, त्याच्याकडे रेकॉर्डिंगची सोय होती. पोरीने कागदबिगद काही न घेता, सुचेल तसं, त्या तिघांची नावं घेऊन एकेकाची अशी काढली की पुढे त्या उत्तराला उत्तरं, आणि त्या उत्तरांना उत्तरं, अशा रेकॉर्ड डझनांनी निघाल्या. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मोठी स्पर्धा झाली, ती एकामागून एक गडी पाडत अंतिम फेरीत पोचली, आणि बिझी बीकडून गुणांवर हरली. परीक्षकांत रॅपर कर्टिस ब्लो. त्याने मुद्दाम कमी गुण दिले, कारण सगळ्यात भारी रॅपर एक पंधरा वर्षांची मुलगी आहे असं कळलं तर आपल्याला कोण विचारणार. हे शांते आजवर सांगत आली आहे. सीएसाहेबांच्या तक्त्यात ती शोधली मी. नाही.

तर तुम्हाला कुणी विचारलंच की सुरुवात कुठून करू, तर ‘इल्मॅटिक’ उद्या, आज शांतेचं ते उत्तर, ‘रोक्सॅन्स रिव्हेंज’ लावा. हेडफोन घालून हं. पोरीचं तोंड फार सुटलेलं आहे, आणि आमच्या सासूबाईंना इंग्रजी समजतं.