जाता-येता थप्पड

जिगलीपफला हात आहेत असं म्हणायचं, ते केवळ सौजन्य म्हणून. गुलाबी फुग्याला दोन्ही बाजूंनी पाणीपुरीच्या पुरीचे तुकडे चिकटवावेत, इतपतच ते. तरीही १९९६ साली जपानमध्ये गेमबॉयवर पोकेमॉनचा पहिला खेळ आला, तेव्हापासून 'डबल स्लॅप' ही थपडांची सरबत्ती या प्राण्याच्या नावावर जमा आहे. मूळ जपानी नाव 'ओफुकु बिंता'. ओफुकु म्हणजे जाऊन-येऊन. तिकडे रेल्वेच्या परतीच्या तिकिटालाही हाच शब्द. जाताना तळहाताने एक, येताना उलट्या हाताने एक. इंग्रजीत त्याचं 'डबल' झालं आणि तिथेच घोटाळा झाला. थपडा दोनच बसतात असं नाही. दोन ते पाच, कितीही.

प्रस्तुत लेखकाला हे ज्ञान भाच्याकडून मिळालं. "मामा, तू नुसतं बटण दाब. किती बसणार ते गेम ठरवतो." मामाने दाबलं. दोन. पुन्हा दाबलं. दोन. तिसऱ्यांदा नेमच चुकला.

नशिबाला नावं ठेवण्याआधी हिशेब मांडावा. त्या जुन्या खेळात आठपैकी तीनदा दोन थपडा, तीनदा तीन, एकदा चार, एकदा पाच, सरासरी तीन. एका थपडेची ताकद १५, म्हणजे एकूण ४५. पण नेम शंभरात ८५ वेळाच लागणार, म्हणून पदरात पडतात जेमतेम ३८. आणि हाच जिगलीपफ नवव्या लेव्हलला 'पाउंड' नावाचा साधा गुद्दा शिकतो, त्याची ताकद ४०! म्हणजे चोविसाव्या लेव्हलपर्यंत घाम गाळून मिळवलेली ही विद्या घरच्या गुद्द्याहून कमी भरते. २०१९च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये तर ती वापरताच येत नाही. विसरलेली बरी, असा शेरा तिच्यापुढे मारलेला आहे.

तरी पोरं ती वापरायची, कारण मोजायला मजा यायची. एक... दोन... तीन... आणि इथे श्वास अडकायचा. लवंगीची माळ मध्येच विझते की शेवटपर्यंत तडतडते, हे बघत लांब उभं राहण्यातलं सुख ते हेच. पुढे २००६मध्ये 'स्किल लिंक' नावाचा गुण आला. तो ज्याच्याकडे आहे, त्या क्लॉयस्टरसारख्या शिंपल्याचे पाचच्या पाच वार हमखास. स्पर्धा खेळणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. लेखकाला मात्र तो पगारी नोकरासारखा वाटतो.

खरी कमाल २०२२च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये झाली. तिथे टॅन्डमाउस ही उंदरांची जोडी आहे. ती लढता लढता मोठी झाली, तर कसलाही गाजावाजा न होता तिच्याबरोबर पिल्लं दिसू लागतात, आणि ती कुणाची हे अधिकृत माहितीतही नक्की सांगितलेलं नाही. (आपल्याकडे वाड्यातल्या बायकांनी दोन दिवसांत छडा लावला असता.) या कुटुंबाचं नाव माउसहोल्ड, आणि त्याची मूव्ह 'पॉप्युलेशन बॉम्ब': एका खेपेला दहापर्यंत वार. जपानीत हिचं नाव 'नेझुमिझान', म्हणजे उंदरांचं गणित. हे गणित योशिदा मित्सुयोशीच्या 'जिन्कोकी' या सतराव्या शतकातल्या पुस्तकामुळे जपानभर माहीत आहे. उंदरांची एक जोडी जानेवारीत बारा पिल्लं घालते. मग दर महिन्याला प्रत्येक जोडी बारा-बारा. वर्षअखेर उंदीर किती? २७ अब्ज ६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. शेवटचे दोन म्हणजे मूळचे आईबाप असावेत, दमलेले.

खेळात मात्र दहाच्या दहा वार बसणं सोपं नाही. प्रत्येक वाराचा नेम वेगळा तपासला जातो, शंभरात ९० या हिशेबाने, आणि एक हुकला की खेळ खलास. दहाही बसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. 'वाइड लेन्स' नावाचं भिंग दिलं की ती ९० टक्क्यांवर जाते.

मामाने भिंग दिलं. समोर भाच्याचा पोकेमॉन निवांत उभा. मामाने बटण दाबलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार! पाचला तो सोफ्यावरून उठला. भाचा शांतपणे चिवडा खात होता. त्याने आपल्या गड्याला 'रॉकी हेल्मेट' घातलं होतं. त्याला हात लावणाऱ्याच्या एकूण जिवातला जेमतेम एक षष्ठांश जीव दर वाराला जातो.

"सहा!" मामा ओरडला. सातव्याला उंदरांचं अख्खं कुटुंब आडवं.

"मामा, अजून तीन राहिले ना रे?" भाचा म्हणाला आणि चिवड्यातले शेंगदाणे शोधू लागला.