इतर

नगरपालिकेत ३२ वर्षं कारकुनी केली. त्यांतली शेवटची ११ वर्षं महिन्याच्या गोषवाऱ्यात गेली. बंबखाना, कोंडवाडा आणि कुत्र्यांची गाडी यांनी महिनाभरात काय दिवे लावले ते तक्त्यात बसवायचं आणि पाच तारखेच्या आत वर पाठवायचं, हे माझं काम. पोलीस ठाण्याचा तक्ता वेगळा जाई. पण तिथले हवालदार आणि मी चहाला एकाच टपरीवर असल्यामुळे त्यांच्या ठाणे डायरीतली दुःखंही माझ्या कानांवर असत.

आता, बंबखान्याचं काम म्हणजे आग, असं गावाला वाटतं. आमच्या छापील तक्त्यालाही तसंच वाटायचं. लहान आग, मध्यम आग, मोठी आग, खोटी वर्दी असे ऐसपैस रकाने आणि पानाच्या पार कडेला, दीड बोटाचा एक रकाना : इतर. आगी लागत नव्हत्या असं नाही. चैत्रात कडब्याची गंजी पेटे, दिवाळीत एखादं भंगाराचं दुकान. पण बाकीचं वर्ष त्या दीड बोटात कोंबावं लागे. पावसाळ्यातली झाडपडी. संक्रांतीनंतर आठवडाभर मांज्यात लटकलेली घुबडं आणि बगळे. विहिरीत पडलेला बैल. आतून कडी लावून बसलेलं दोन वर्षांचं पोर आणि दाराबाहेर कुकरच्या शिट्ट्या मोजत रडणारी त्याची आई. त्या पोराला आमच्या जवानांनी खिडकीतून उतरून बाहेर काढलं, तेव्हा ते निवांत पिठाच्या डब्यात बसलेलं होतं. तक्त्यात लिहिलं, ‘इतर – १’.

एकदा वरून विचारणा आली, जानेवारीत आग निरंक, मग डिझेल एवढं कसं? मी उत्तरात लिहिलं, ‘घुबडांमुळे’. त्यावर फोन आला. तो मी इथे लिहीत नाही.

आमच्या मोजणीची खरी गोम अशी की, वर्दी म्हणजे एक. पाच मिनिटांत खाली उतरवलेलं मांजर एक आणि रात्रभर धुमसणारी तेलाची गिरणीही एकच. १४ एप्रिलला बंबखान्यात ध्वज लागतो, जवान इस्त्रीच्या कपड्यांत रांगेने उभे राहतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. दुपारी चारच्या सुमाराला जहाज फुटलं आणि विझवायला गेलेले ६६ जण परत आले नाहीत. आमच्या तक्त्याच्या हिशेबाने तीही एकच वर्दी भरते. दरवर्षी त्या रांगेच्या मागे उभा राहिलो की माझ्या डोक्यात हेच येई, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मांजर ‘एक’ लिहायला बसे.

उलट गंमत तांब्या कुत्र्याची. भाजी मंडईतला. त्याने एका आडत्याच्या पोटरीला दात लावले. आडत्याने ठाण्यात जाऊन, कुत्र्याला रोज बिस्किटं घालणाऱ्या मास्तरांवर तक्रार दिली. ठाण्याने ती अदखलपात्र, म्हणजे एन.सी. म्हणून नोंदवली. (ज्याची दखल घ्यायची नाही त्याची रीतसर दखल घेऊन नक्कल हातात देणारं पोलीस खातं मला फार आवडतं.) ठाण्याच्या तक्त्यात एक. मग कुत्र्यांची गाडी आली. तांब्याची नसबंदी झाली, रेबीजची लस टोचली आणि कानाचा तुकडा काढून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडलं. नियम तसाच आहे, २००१ च्या नियमांत होता आणि २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. आडत्याला ते पटलं नाही. पण बघा, अख्ख्या गावात काम झाल्याची पावती अंगावर घेऊन हिंडणारा तो एकटाच. कुत्र्यांच्या तक्त्यात एक. पुढे श्रावणात तो मंडईमागच्या नाल्यात अडकला आणि बंबखान्याला वर्दी गेली. फोन करणारा आडत्याच होता. इतर – १. जिल्ह्याच्या एकत्रित अहवालात तीन कामं झाली. कुत्रा एकच, आणि माणसंही बहुतेक तीच.

कोंडवाड्याचं रजिस्टर मात्र माझं लाडकं. १८७१ च्या कायद्याने त्यात काय लिहायचं ते ठरवून दिलंय. किती जनावरं, ती दिसायला कशी, कोणत्या दिवशी किती वाजता आणली, कोणी आणली, मालक कोण. जनावराचं वर्णन इतक्या आस्थेने आमच्या सर्व्हिस बुकातही नसतं. मूळ कायद्यातल्या दंडाच्या यादीत पहिलाच मान हत्तीचा, दोन रुपये. माझ्या कारकिर्दीत हत्ती निरंक.

माझी सासुरवाडी सांगलीची. तिथे पावसाळ्यात सगळं गाव एकच आकडा विचारतं : आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ च्या पुढे गेलं. तो आकडा ऐकून पानवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना कळतं की आज काय उचलायचं आणि कुठे ठेवायचं. माझ्या ११ वर्षांच्या गोषवाऱ्यांतला एकही आकडा ऐकून कुणी साधी सतरंजीसुद्धा उचलली नसती. हेवा वाटतो मला त्या पुलाचा.

आता सगळं संगणकावर गेलंय. ११२ लावला की फोन आधी नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलतात आणि तिथून आपल्या ठाण्याच्या गाडीकडे येतो. गाडी किती मिनिटांत पोचली तेही आपोआप नोंदलं जातं. चांगलं आहे. पूर्वी रात्रीच्या गस्तीची वही सराफाच्या दाराला टांगलेली असे आणि तीत सही दोनची, झोप साडेबाराची, असंही व्हायचं. फक्त नागपूरच्या त्या मुलीला ‘मारुतीमागचा बोळ, जिथे पूर्वी गिरणी होती’ हे कळत नाही. म्हणून फोन केलात तर पत्ता धड सांगा आणि नाक्यावर एक माणूस उभा करा. बंबाचा अर्धा वेळ बोळ शोधण्यात जातो, आणि त्याला मात्र कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

परवा माझ्या जागेवरच्या मुलाचा फोन आला.

“भाऊसाहेब, नवीन फॉर्ममध्ये ‘इतर’ काढून टाकलंय. पिंपळावरचं मांजर कशात घालू?”

“उतरवलं का?”

“उतरवलं. पण त्यानं लीडिंग फायरमनला बोचकारलं.”

“मग ‘जखमी कर्मचारी’मध्ये घाल,” मी म्हटलं. “तेवढं तरी वर कळू दे.”