व्यक्ती की व्यवसाय?

दुकानदार कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे पुण्याला कधी नीट आखताच आलं नाही. इथला दुकानदार गल्ल्यावर बसूनही घरातल्यासारखाच वागत आला. दुपारी जेवून वामकुक्षी घेणार, आणि घेतलेली वस्तू खायची कशी हेही न विचारता सांगणार. चितळे बंधूंनी २०१७ च्या जुलैत एक ते चारची विश्रांती सोडली आणि त्याच महिन्यात देशभर जीएसटी लागू झाला. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी नारायण पेठेतली माझी मावशी त्या दोन्ही बातम्या एका दमात, एकाच सुस्काऱ्यात सांगते.

मावशी गोडा मसाला करते. आजवर तो ओळखीतच जाई, तोही उलटतपासणी पार पडली तर. आमटीला हवा की भरल्या वांग्याला, घरात खाणारी तोंडं किती, मागचा इतक्यात संपला कसा? पनीरमध्ये घालणार असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलं, की मसाला नेमका संपलेला असे. उत्तीर्ण झालेल्यांना पुडीत चमचाभर जास्त मिळे. त्या वरच्या चमच्याचे पैसे कुणी कधी धरले नाहीत. माझ्या मते सगळा व्यवहार तोललेला होता तो मात्र त्याच चमच्यावर.

मग सुनेनं तिला ऑनलाइन बाजारात बसवलं. दगडफूल आणि नागकेशराच्या त्या जुन्या वासाभोवती पाकीट आलं, पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक आला, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आला. ‘किती दिवसांत वापरावा’ या रकान्यात मावशीनं ‘संपेपर्यंत’ असं लिहिलं होतं. ते खोडावं लागलं. एरवी इतकं खरं विधान त्या पाकिटावर दुसरं नव्हतं.

पण खरा पेच टाकला तो बेळगावनं. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी न घेताही अशा बाजारात माल विकता येतो, मात्र आपल्या राज्यापुरताच. म्हणजे मावशीचा मसाला पार गोंदियापर्यंत घरगुती म्हणून जाणार, आणि त्याच्या निम्म्याहून जवळ असलेल्या बेळगावला निघाला की त्याचा धंदा होणार! १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ही गोष्ट काका अजूनही घरातली वाटणी सांगावी तशी सांगतात. बेळगावच्या कुणा बाईंची मागणी अडल्याचं कळताच ते ताठ बसले. म्हणाले, “पाठवायचा नाही, म्हणजे बेळगाव त्यांचं असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल.”

अशा रीतीनं सीमाप्रश्नापायी नोंदणी झाली. महाराष्ट्राच्या २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरी क्रमांक आला. काकांनी ‘प्रोप्रायटर’ असा शिक्का करून घेतला आणि तो उमटतो का हे पाहायला वाण्याच्या जुन्या याद्याही शिक्कामोर्तब करून ठेवल्या. खात्यावर ‘व्यक्ती’च्या जागी ‘व्यवसाय’ निवडायचं होतं. सुनेनं बोट टेकवलं, तेवढ्यात मावशीनं विचारलं, “आणि व्यक्तीचं काय होतं गं?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. आता रात्री दीडलाही मागणी येते, तीही कुणाची चौकशी न करता मान्य करावी लागते. मसाला पनीरमध्ये पडत असेल या कल्पनेनं मावशीला प्रथम झोप लागेना. मग तिनं दूर देशी दिलेल्या लेकीबद्दल बाळगावा तसा एक सावध विश्वास बाळगायला सुरुवात केली. पाकिटावर निव्वळ वजन २०० ग्रॅम छापलेलं असतं. काटा थोडा पुढे जातो. प्रोप्रायटर त्या क्षणी खिडकीबाहेर पाहतात.

बेळगावच्या बाईंनी पाचापैकी चार तारे दिले. खाली लिहिलं होतं : ‘छान आहे. आई करायची तसा, पण अगदी तसा नाही.’ मावशीला फोन करायचा होता. पण ग्राहकाचा नंबर तो बाजार देत नाही. अभिप्रायाखाली उत्तर लिहिता येतं, आणि ती सोय तिथे फक्त व्यावसायिक विक्रेत्यांनाच आहे. मावशीनं चष्मा पुसला, सुनेकडून फोन घेतला आणि स्वतः एकेक अक्षर शोधत व्यवसायाच्या वतीनं लिहिलं : ‘आई खोबरं किती लाल भाजायच्या?’