वायफायसाठी वायफाय
स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स बसते; फक्त आधी लॅपटॉपची मनधरणी करावी लागते. 2014च्या सुमाराच्या इंटेल बे ट्रेलवाल्या बऱ्याच यंत्रांत प्रोसेसर 64 बिटचा आणि यंत्र सुरू करणारे यूईएफआय 32 बिटचे, म्हणून लिनक्सच्या नेहमीच्या 64 बिट पेनड्राइव्हला ती ओळखच देत नाहीत. तेवढे निस्तरले की वायफाय रुसते. त्याचे फर्मवेअर इंटरनेटवर फुकट मिळते, आणि इंटरनेट वायफायवर. लॅन केबलची जागा काटकसरीत आधीच गेलेली असते. मग यूएसबी केबलने फोन जोडून त्याचे नेट वापरतात; लॅपटॉपपेक्षा फोन महाग घेतल्याचे असे सार्थक होते. डेबियन या लिनक्स वितरणाने 2023मध्ये 12व्या आवृत्तीपासून हे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घातले. मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्व थोडे वाकले, वायफाय लागले. स्पीकर तरीही मुका राहिला, तर नवे कर्नल टाकून पाहतात, आणि तोवर हेडफोन लावतात.