भावी पतितास अनावृत पत्र

श्री./श्रीमती भावी पतित यांस,
सा. न. वि. वि.

येत्या पावसाळ्यात आपण मुंबईतल्या एखाद्या खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडणार आहात. नेमके कुठे, ते अजून ठरायचे आहे. पण पडायचेच आहे तर कायद्यात बसेल असे पडावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक खात्री बाळगा, रस्ते नीट ठेवणे ही महापालिकेची मेहेरबानी नाही. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ६१ने ते तिच्यावर बंधनकारक केले आहे. तेव्हा शहरात मोटारगाडीसुद्धा आली नव्हती. २०१८मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, सुस्थितीतले रस्ते आणि पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१खालचा मूलभूत हक्क आहे. म्हणजे आपण पडाल ते मूलभूत हक्कासकट पडाल.

त्यानंतर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने दरही ठरवून दिला. मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमी झाल्यास जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. पैसे सहा ते आठ आठवड्यांत द्यायचे, न दिल्यास ९ टक्के व्याज, आणि रक्कम नंतर दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. रक्कम ठरवणाऱ्या समितीवर महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. ज्यांच्या खड्ड्यात पडलात, त्यांच्याच साहेबांपुढे पडल्याचे सिद्ध करायचे, एवढाच काय तो संकोच.

दिवाणी दावा लावायचा विचार असेल तर कलम ५२७ प्रमाणे पालिकेला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. खड्ड्याने आपल्याला अशी नोटीस द्यावी, असे मात्र अधिनियमात कुठे आढळले नाही.

आता खरी मेख. पडण्याची जागा पारखून घ्या. दुचाकीवरून उडालात की खाली येण्याआधी पाहून घ्या, रस्ता पालिकेचा, एमएमआरडीएचा, रस्ते विकास महामंडळाचा, बांधकाम खात्याचा की बंदराचा. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२च्या अखेरीस पालिकेच्या ताब्यात आले. त्याआधीचे खड्डे कोणाच्या खात्यावर, हा वाद आपण हवेत असताना सुटेल असे वाटत नाही. दोन हद्दींच्या मधोमध पडू नका. तिथे माणूस सापडतो, जबाबदार सापडत नाही.

२९ ऑगस्ट २०१७च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीला सापडला. पुढे अटक झाली ती झाकण उघडल्याच्या आरोपावरून स्थानिक रहिवाशांना. तुंबलेले पाणी जायला वाट का नव्हती, याबद्दल कोणाला अटक झाल्याचे ऐकिवात नाही. त्या डॉक्टरांची थट्टा करवत नाही, म्हणून हा परिच्छेद इथेच संपवतो.

शेवटी कामाचे. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचे फोटो आजच काढा आणि वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. कारण एकदा का कोणी पडले की तोच खड्डा रातोरात बुजवला जातो, आणि त्याबरोबर आपला पुरावाही.

आपला हितचिंतक,
एक करदाता