खुसपटवाले

काही माणसांना निर्दोष गोष्ट दिसली की अस्वस्थ वाटतं. पंगतीत जिलबीला नाव ठेवायला जागा नसेल, तर ती द्रोण उलटा करून भोक शोधतात. यांतलाच एखादा भौतिकशास्त्र शिकला की वैश्विक पार्श्वप्रारणाचा वर्णपट मोजू लागतो.

1990 च्या जानेवारीत जॉन मेदर यांनी कोबी उपग्रहाचा आलेख पडद्यावर टाकला. पार्श्वप्रारण म्हणजे विश्वाच्या बालपणीचा उजेड; तो आदर्श कृष्णवस्तूच्या, म्हणजे फक्त तापमानानुसार उजेड देणाऱ्या वस्तूच्या, वक्रावर असा बसला होता, की सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे मेदरना नोबेलही मिळालं. खुसपटवाला मात्र विचारत राहिला, ‘तंतोतंत म्हणजे किती?’ दशलक्षात 50 भागांइतकाही फरक नाही, असं उत्तर आलं. ‘अरे बाप रे, 50! त्यात काय काय लपलं असेल!’

स्वभाव खवचट, पण गड्याचं म्हणणं खरं आहे. महास्फोटानंतरचे पहिले एक-दोन महिने विश्व एवढं तापलेलं होतं, की कुठलीही उलथापालथ साफ पुसली जायची. त्यानंतर उजेडात मिसळलेल्या ऊर्जेची खूण मात्र वर्णपटात राहते. सुन्याएव आणि झेल्डोविच या भौतिकशास्त्रज्ञांनी हे अर्धशतकापूर्वीच मांडलं. म्हणजे खोट असणारच. फक्त तिच्यातला एक महत्त्वाचा प्रकार कोबीच्या मर्यादेहूनही हजारो पटींनी बारीक आहे.

म्हणून खुसपटवाला आकाशापेक्षा स्वतःच्या यंत्रावर जास्त संशय घेतो. ‘बाहेर गारठा आहे’ म्हणालात, तर ‘कशाच्या तुलनेत?’ हे ठरलेलं. त्यात त्याचा दोष नाही. कोबीवरचं फिरास हे उपकरणसुद्धा आकाशाची तुलना सोबत नेलेल्या कृत्रिम कृष्णवस्तूशीच करायचं. खरोखर काही सापडलं, तर बाकीचे पेढे वाटतील. हा तोंड पाडून म्हणेल, ‘आकाशगंगेतली धूळ असणार.’ 1987 मध्ये नागोया आणि बर्कले विद्यापीठांच्या अग्निबाणाला असाच जादा उजेड दिसला होता. सिद्धांतवाल्यांनी स्पष्टीकरणांचा पाऊस पाडला, आणि कोबीनं तो उजेडच खोटा ठरवला. तेव्हापासून या जमातीला आनंद चटकन होत नाही.

फिरासच्या हजारपट संवेदनशील अशा ‘पिक्सी’ मोहिमेचा प्रस्ताव नासापुढे एकापेक्षा जास्त वेळा गेला, आणि निवडला गेला नाही. फिरासला थंड ठेवणारं द्रव हेलियम सप्टेंबर 1990 मध्ये संपलं. त्यानंतर साऱ्या आकाशाचा असा वर्णपट मोजायला एकही उपग्रह गेलेला नाही.